ट्रॉलीची लाईट जाते ती प्लगमुळं नाही, अर्थिंगमुळं

वायरमन, तासगाव रोड
काल एका वाहतूकदारानं इथं लिहिलं: "ऊसाच्या ट्रॉलीच्या लाईटी हंगामभर टिकतच नाहीत. तीन प्लग बदलले. रेडियमच्या पट्ट्या मारा आणि विषय संपवा." वाचून राहवलं नाही.

माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक ट्रॉल्यांचं दुखणं एकच असतं. इंडिकेटर टाकला की टेल लाईटही त्याच्याबरोबर लुकलुकते. ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा उजळायचा सोडून मंदावतो. हा प्लगचा दोष नाही. करंट जातो, पण परतीची वाट, म्हणजे अर्थिंग, बंद असते, म्हणून तो शेजारच्या बल्बातून वाट काढतो. ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडणाऱ्या सात पिनी प्लगात 3 नंबरची पिन अर्थिंगची, पांढरी वायर. नेमकी तीच कापून "हुकातून मिळतंय की अर्थिंग" म्हणून सोडलेली असते. हुकाची पिन ग्रीसनं माखलेली, भोक झिजून मोठं झालेलं; खड्डा आला की संपर्क सुटतो. डबल ट्रॉलीला तर असे दोन हुक.

जाड वायरचा तुकडा घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ट्रॉलीच्या दिव्याच्या अर्थिंगला लावा. दिवे लख्ख झाले की प्लगवर पैसे घालू नका, अर्थिंगची स्वतंत्र वायर ओढा. मीटरवर विसंबू नका. वायरीतली एकच तार शाबूत असली तरी मीटर 12 व्होल्ट दाखवतो. 21 वॅटचा बल्ब लावून बघा, तो पावणेदोन अँपिअर ओढतो, तिथं वायरीचं खरं रूप कळतं.

वाहतूकदार, पलूस
ते लिहिणारा मीच. मालक, दुकानात बसून सांगायला सोपं आहे. ऊसतोडीच्या मुकादमाला उचल म्हणून आगाऊ पैसे दिले, तोडणीची टोळी आलीच नाही, ट्रॅक्टरचा हप्ता मात्र सुरू आहे. त्या पैशाचं कुणी बोलत नाही. उसाच्या फडात ट्रॉली लावली की प्लग चिखलात लोळतो, वाढ्यात, म्हणजे उसाच्या शेंड्यांत, अडकून वायर तुटते. कारखान्याच्या वजनकाट्यावर रात्र रात्र नंबर लागत नाही, तिथं मी अर्थिंग तपासत बसू? रेडियमला वायर लागत नाही, एवढंच माझं म्हणणं.

शिक्षिका, शिरोळ
रेडियमचं मला सांगू नका. माझा दीर संध्याकाळी मोटारसायकलवरून घरी येत होता. रस्त्याकडेला चाक पंक्चर झालेली ट्रॉली उभी होती. पट्टी होती हो, नवीच होती! पण वरून लोंबणाऱ्या वाढ्यानं ती झाकली होती. समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडानं त्याचे डोळे दिपलेले. मांडीच्या हाडात आजही सळई आहे. पट्टी दुसऱ्याच्या उजेडावर चमकते, दिवा स्वतः जळतो, हा फरक कळत नसेल तर रस्त्यावर येऊ नका.

आणि ती गाणी! मागून कितीही हॉर्न द्या, ड्रायव्हरच्या कानात फक्त डॉल्बी.

वाहतूकदार, पलूस
ताई, दिराचं वाईट वाटलं. पण गाण्यावर येऊ नका. सलग दुसरी रात्र जागलेल्या पोराला डुलकी लागली तर काय होईल? ते गाणं त्याला जागं ठेवतं.

शेतकरी, वाळवा
जागं ठेवायला एवढे भोंगे लागतात? आमच्या घराच्या काचा थरथरतात, म्हातारी दचकून उठते. ड्रायव्हर दमला असेल तर दुसरा ठेवा.

वाहतूकदार, पलूस
दुसऱ्याचा पगार तुम्ही देणार का? वाहतुकीचा दर काय मिळतो ते आधी विचारा, मग शिकवा!

वायरमन, तासगाव रोड
भांडू नका, गाण्याचा इथं थेट संबंध आहे. गेल्या आठवड्यात एक ट्रॅक्टर आला. मागच्या सॉकेटची अर्थिंग आणि अँप्लिफायरची अर्थिंग एकाच बोल्टवर. बोल्टाखाली रंग, रंगाखाली गंज. वॉशर काळा पडलेला, वायरचं प्लास्टिक वितळून त्याला चिकटलेलं. बेस वाजला की ट्रॉलीचे दिवे त्या ठोक्यावर मंद व्हायचे. अँप्लिफायरची वायर थेट बॅटरीवर नेली, बोल्टाखालचा पत्रा घासून चकचकीत केला, दिवे सुधारले. गाणी बंद करा असं मी म्हणत नाही. पण त्यांचा भार ट्रॉलीच्या वायरीवर टाकू नका.

ह्यूस्टनहून
मूळचा सांगलीचा. इथं माझ्या पिकअपमागं चार चाकांचा ट्रेलर असतो, ब्रेक विजेवर चालतात. प्रत्येक चाकातला मॅग्नेट साधारण 3 अँपिअर घेतो, म्हणजे चौघांचे 12. खड्ड्यात गेलो की ब्रेक कंट्रोलर ट्रेलर जोडलेलाच नाही असं दाखवायचा. मी कंट्रोलर बदलला, तरी तेच. शेवटी दोष ट्रेलरच्या सांगाड्यावरच्या पांढऱ्या वायरीच्या बोल्टात निघाला. अर्थिंग दिव्यांपुरतं पुरत होतं, ब्रेकला पुरत नव्हतं. ट्रेलर सुटलाच तर एक पिन खेचली जाते आणि त्याच्याच बॅटरीवर ब्रेक लागतात. तिकडं 20 टन ऊस बिनब्रेकच्या ट्रॉल्यांत ओढतात, ते कसं चालतं?

वाहतूकदार, पलूस
अमेरिकेचं अमेरिकेत ठेवा. उतारावर ट्रॉली कशी ढकलते ते आम्हाला ठाऊक आहे.

वायरमन, तासगाव रोड
ठाऊक आहे ना दादा, मग फडातून निघताना ब्रेकचे दोन्ही पेडल पट्टीनं जोडता का? शेतात वळायला सुटे ठेवलेले पेडल तसेच डांबरीवर येतात. एकाच बाजूचा ब्रेक लागतो, मागून ट्रॉली रेटते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. ट्रॅक्टरला ट्रॉली ब्रेकचा हायड्रॉलिक कपलर, म्हणजे तेलाच्या दाबाची जोडणी, असेल तर ट्रॉलीला सिलिंडर बसवून घ्या. त्याचा खर्च मोठा आहे, मान्य. पेडलची पट्टी लावायला मात्र पैसा लागत नाही.

वाहतूकदार, पलूस
पेडल आमचा पोरगा जोडत नव्हता. आज विचारलं तेव्हा कळलं. त्याला बोललो.

वायर लावून बघितली. पुढच्या ट्रॉलीचे दिवे आले, प्लग जुनाच आहे. एवढ्यावरून सगळं तुमचंच खरं असं नाही, मागच्या ट्रॉलीचा उजवा दिवा अजून बंदच आहे.

वायरमन, तासगाव रोड
5 नंबरची पिन बघा, तपकिरी वायर. उद्या सकाळी नंबर लागायच्या आधी आलात तर दहा मिनिटांत करून देतो.

शिक्षिका, शिरोळ
आणि मागचं वाढं बांधून घ्या.