मदत हवी आहे: लिनक्सवर एसएसडीसाठी ईएक्सटी४ की बीटीआरएफएस?

मंडळी, लॅपटॉपमध्ये नवीन १ टीबी एनव्हीएमई एसएसडी बसवतोय आणि लिनक्स पहिल्यापासून टाकायचं आहे. फाइल सिस्टिमवर, म्हणजे डिस्कवर फाइली साठवायच्या पद्धतीवर, गाडी अडली आहे: ईएक्सटी४ घ्यावी की बीटीआरएफएस?

ईएक्सटी४ २००८ पासून कर्नलमध्ये स्थिर आहे, वीज गेली तरी जर्नलमुळे (बदलांच्या आधीच ठेवलेल्या नोंदीमुळे) सावरते. पण ती फक्त मेटाडेटाचे (फाइलींबद्दलच्या माहितीचे) चेकसम, म्हणजे बिघाड ओळखायचे पडताळणी-आकडे, ठेवते. फोटोची एखादी फाइल गुपचूप खराब झाली तर कळणारच नाही, आणि घरच्यांचे सगळे जुने फोटो याच डिस्कवर राहणार आहेत. बीटीआरएफएस डेटाचेही चेकसम ठेवते, शिवाय स्नॅपशॉट (त्या क्षणाची जपलेली स्थिती) आणि झेडएसटीडी कॉम्प्रेशन, म्हणजे लिखाणही कमी. मन तिकडेच ओढतंय.

अडचण व्हर्च्युअल मशीनची (व्हीएम, म्हणजे संगणकात चालणारे आभासी संगणक). बीटीआरएफएसच्या कॉपी-ऑन-राइटमुळे (बदल जुन्या जागी न लिहिता नव्या जागी लिहिण्यामुळे) त्यांच्या मोठ्या इमेज फाइलींचे तुकडे होतात. त्या फोल्डरला 'चॅटर प्लस सी' (कॉपी-ऑन-राइट बंद करणारी आज्ञा) लावलं तर तिथले चेकसमही जातात. मग व्हीएमसाठी वेगळं ईएक्सटी४ पार्टिशन करावं का? कुणी असं वापरतंय का?

एफ२एफएस ही फाइल सिस्टिम फ्लॅशसाठीच (एसएसडीत असते ती मेमरी) बनली असली तरी लॅपटॉपवर तिची गरज वाटत नाही. एक्सएफएस ही आणखी एक फाइल सिस्टिम, पण तिचं पार्टिशन नंतर लहान करता येत नाही, म्हणून बाद.

ट्रिमसाठी (रिकामी झालेली जागा एसएसडीला कळवण्यासाठी) आठवड्याचा एफएसट्रिम टायमर पुरेल ना, की माउंट करताना डिस्कार्ड (फाइल पुसल्यावर आपोआप ट्रिम करणारा पर्याय) हेही द्यावं? डिस्क लक्सने (लिनक्सच्या डिस्क-एन्क्रिप्शन पद्धतीने) एन्क्रिप्ट करणार आहे, तेव्हा तिथे ट्रिम चालू ठेवणाऱ्यांचा अनुभव जरूर सांगा.