गुहागरच्या अंगणातले गुलाब

नमस्कार मंडळी,
आई-बाबांच्या गुहागरच्या अंगणातले गुलाब पिवळे पडायला लागलेत. यंदा पाऊस दसऱ्याच्या बराच आधी गेला आणि ऊन रणरणतंय. इथे न्यू जर्सीत मी ऑगस्ट सरत आला की खत बंद करते, छाटणी थंडी ओसरल्यावरच. बाबांनाही तेच सांगू का?

---

ताई, तसं मुळीच सांगू नका! तिकडे खत थांबवायचं, कारण उशिरा आलेली कोवळी फूट हिमाने करपते. गुहागरला ती भीती नाही. उलट पाऊस सरला की गुलाबाचा हंगाम सुरू होतो.

आधी पाणी बघा. जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडून गेलेला, त्यामुळे जमिनीत ओल असेलच असं सगळ्यांना वाटतं. पण जांभ्याची माती पाणी धरून ठेवत नाही, आणि ऑक्टोबरच्या उन्हात तर झपाट्याने सुकते. बाबांना आळ्यात बोटभर खोल उकरून बघायला सांगा. कोरडं लागलं तर सकाळीच, सावकाश, मुळांपर्यंत पोचेल इतकं पाणी घालायचं. रोज संध्याकाळी पानांवर नुसता शिडकावा नको. त्याने मुळं वरच राहतात आणि रात्रभर ओल्या पानांवर काळे ठिपके येतात.

मग आळ्यात पातेरा (वाळका पाला) नाहीतर पेंढा जाड पसरा, खोडापासून वीतभर लांब. नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं) घरचीच असतील, ती आळ्याच्या कडेने पुरली तर ओल फार छान टिकते. एरवी ती चुलीत जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

झाडं टवटवीत झाली की मगच छाटणी, आणि कुजलेलं शेणखत ओल्या मातीतच. साधारण दीड महिन्यात फुलं येतील.

---

काकू, खूप आभार. बाबांनी फोटो पाठवलाय. पानांच्या मागे बारीक जाळी दिसतेय, वरून पानं ठिपक्याठिपक्यांची.

---

लाल कोळी आहे, पानांतला रस शोषणारी बारीक कीड. कोरड्या हवेत हमखास वाढतो. सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारायचा, तीन-चार दिवसांनी पुन्हा. फार किडलेली पानं काढून जाळा. तेवढ्याने हटला नाही तर निंबोळी तेल, पण ते ऊन उतरल्यावर. भर उन्हात मारलं तर पानं भाजतात. विहीर किनाऱ्याजवळ असेल तर पाण्याची चव घेऊन बघायला सांगा. मचूळ लागलं तर ते पाणी गुलाबांना नको.