मदत हवी आहे: टीव्हीखाली ठेवायला एन१०० मिनी पीसी
नमस्कार मंडळी. ४के टीव्ही आणि एव्हीआरला (स्पीकर चालवणाऱ्या रिसीव्हरला) जोडायला आवाज न करणारा पीसी हवाय. इंटेल एन१०० प्रोसेसर पसंत आहे: टीडीपी (उष्णतेचं ठरवलेलं प्रमाण) ६ वॅट, एचईव्हीसी १०-बिट आणि एव्ही१ हे दोन्ही व्हिडिओ प्रकार हार्डवेअरवर डीकोड होतात. अडतंय ते एचडीएमआयवर. बऱ्याच मॉडेलांना २.०च पोर्ट असतं. त्याच्या १८ जीबीपीएस क्षमतेत ४के ६० हर्ट्झला १०-बिट आरजीबी मावत नाही, ४:२:२ वर (रंगाची माहिती कमी करून पाठवण्यावर) यावं लागतं आणि रंगीत अक्षरांच्या कडा पुसट होतात. २४ हर्ट्झच्या चित्रपटांना ही अडचण नाही. ट्रूएचडी (डॉल्बीचा लॉसलेस ऑडिओ) ऑप्टिकल केबलमधून जात नाही, त्यामुळे एचडीएमआयवरून बिटस्ट्रीम (ऑडिओ न उलगडता तसाच एव्हीआरकडे पाठवणं) हवाच.

खरी काळजी उष्णतेची. बंद कपाटात, भर मे महिन्यात फॅनलेस मॉडेल थ्रॉटल होतं का (तापून वेग कमी करतं का)? आतल्या एनव्हीएमई एसएसडीचं तापमान किती जातं? रोजच्या वापरात टिकलेलं मॉडेल कृपया बायोस आवृत्तीसह सांगा.