सभ्यतेची हाक आणि घरचा आहेर

माळरान (धागा)

अमेरिकेत कुणावर गोळी झाडली गेली, कुणाला भर सभागृहात खोटारडा म्हटलं गेलं, की दुसऱ्या दिवशी दोन्ही पक्षांचे नेते एकच गोष्ट बोलतात: राजकारणातली भाषा सुधारली पाहिजे. ही हाक खरी की खोटी हे ओळखायची माझ्या मते एकच खूण आहे. ती आपल्याच माणसाला ऐकवली आहे का? विरोधकाला सभ्यता शिकवायला काही पडत नाही. घरचा आहेर द्यायला मात्र मतं जातात, देणग्या जातात, कधी उमेदवारीही जाते.

उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांचं २०२५ हे एकच वर्ष घ्या. फेब्रुवारीत मस्क यांच्या खर्चकपात विभागातल्या पंचविशीतल्या एका कर्मचाऱ्याच्या जुन्या पोस्ट बाहेर आल्या. भारतीयांचा द्वेष करणं ही सर्वमान्य गोष्ट व्हायला हवी, अशा अर्थाची एक पोस्ट त्यात होती. त्याने राजीनामा दिला. ज्यांची पत्नी भारतीय वंशाची आहे ते व्हान्स म्हणाले, सोशल मीडियावरच्या मूर्खपणापायी पोराचं आयुष्य बरबाद होऊ नये, त्याला परत घ्या. त्याला परत घेतलंही. त्याच महिन्यात म्युनिकला जाऊन त्यांनी युरोपला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे धडे दिले. सप्टेंबरमध्ये युटामध्ये ट्रम्प समर्थक तरुण नेते चार्ली कर्क यांची हत्या झाली. कर्क यांच्याच कार्यक्रमात सूत्रसंचालन करताना व्हान्स यांनी सांगितलं, या मृत्यूचा आनंद साजरा करणारे दिसले तर त्यांच्या मालकाला फोन करा. ऑक्टोबरमध्ये तरुण रिपब्लिकन पदाधिकाऱ्यांच्या चॅटमधली हिटलरची स्तुती आणि गॅस चेंबरवरची थट्टा उघड झाली. तेव्हा पुन्हा ‘पोरं मूर्खपणा करतात’. त्या पोरांपैकी काहींनी तिशी ओलांडली होती.

डेमोक्रॅट पक्षाची कसोटीही त्याच महिन्यात लागली. व्हर्जिनियात अॅटर्नी जनरलपदाचे उमेदवार जे जोन्स यांचे २०२२ मधले मेसेज बाहेर आले. हिटलर, कंबोडियाचा हुकूमशहा पॉल पॉट आणि राज्याच्या सभागृहाचे तेव्हाचे रिपब्लिकन सभापती समोर असतील आणि हातात दोनच गोळ्या असतील, तर दोन्ही गोळ्या सभापतींना, असा त्यांचा मजकूर. जोन्स यांनी माफी मागितली. गव्हर्नरपदाच्या उमेदवार ॲबिगेल स्पॅनबर्गर यांनी निषेध केला, पण ‘माघार घ्या’ हे शब्द काही तोंडातून निघाले नाहीत. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

या कसोटीला उतरलेले लोकही आहेत. १० ऑक्टोबर २००८, मिनेसोटातलं लेकव्हिल. ओबामांविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदाला उभे असलेले रिपब्लिकन जॉन मॅकेन यांची सभा. ओबामांना घाबरायचं कारण नाही असं ते म्हणाले तर त्यांच्याच समर्थकांनी हुर्यो उडवली. पुढे एक बाई माइक हातात घेऊन म्हणाल्या, माझा ओबामांवर विश्वास नाही, ते अरब आहेत. मॅकेन मान हलवत पुढे झाले, माइक परत घेतला आणि म्हणाले, नाही मॅडम, ते सभ्य कुटुंबवत्सल गृहस्थ आहेत, नागरिक आहेत, आमचे मूलभूत मुद्द्यांवर मतभेद आहेत इतकंच. मतदानाला चार आठवडेही उरले नव्हते. हे ज्याला जमतं त्याने सभ्यतेवर बोलावं.

कडुलिंब

उदाहरणं बरोबर आहेत, वजनं मात्र तुम्ही सारखी लावलीत. जोन्स यांनी जे लिहिलं ते किळसवाणं आहे, पण ते एका व्यक्तीला केलेले खासगी मेसेज होते. कर्क यांच्या स्मृतिसभेत त्यांच्या पत्नीने मारेकऱ्याला क्षमा केली आणि त्यानंतर त्याच व्यासपीठावरून ट्रम्प म्हणाले, मी माझ्या विरोधकांचा द्वेष करतो. हे राष्ट्राध्यक्ष बोलत होते! २०२१ मध्ये कॅपिटॉलवर, म्हणजे संसद भवनावर, चालून गेलेल्या सुमारे १,५०० जणांना त्यांनी पदावर आल्या दिवशीच माफी दिली. सभागृहाच्या तेव्हाच्या डेमोक्रॅट सभापती नॅन्सी पेलोसी यांच्या ८२ वर्षांच्या नवऱ्याचं डोकं २०२२ मध्ये राहत्या घरात हातोडीने फोडलं. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या पक्षाच्या मेळाव्यात ट्रम्प यांनी ‘तिच्या नवऱ्याचं कसं काय चाललंय’ असं विचारलं आणि सभागृह हसलं. एका पक्षाचा उमेदवार चुकतो आणि दुसऱ्या पक्षाचा सर्वोच्च नेता हेच राजकारण म्हणून करतो, यांना एका ओळीत बसवलं की फायदा कुणाचा होतो?

तिकोना

फायदा कुणाचा, हा प्रश्न आला की समजावं, आता आपल्या माणसाला सूट मिळणार.

१४ जून २०१७. व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाच्या मैदानात रिपब्लिकन खासदार सकाळी बेसबॉलचा सराव करत होते. सभागृहातले पक्षप्रतोद स्टीव्ह स्कलीस यांच्या कमरेत गोळी घुसली आणि ते रक्ताचा माग सोडत हातांवर सरपटत गवताकडे गेले. त्यांच्या पदामुळे सुरक्षा पोलीस सोबत होते म्हणून बाकीचे वाचले. गोळ्या झाडणाऱ्याने डावे सिनेटर बर्नी सँडर्स यांच्या प्रचारात काम केलं होतं. पुढच्या वर्षी काय झालं? डेमोक्रॅट खासदार मॅक्सिन वॉटर्स जमावासमोर म्हणाल्या, ट्रम्प यांचे मंत्री दुकानात, पेट्रोलपंपावर दिसले तर गर्दी करून त्यांना घेरा. ऑक्टोबर २०१८ मध्ये हिलरी क्लिंटन म्हणाल्या, तुम्हाला जे प्रिय आहे ते नष्ट करू पाहणाऱ्या पक्षाशी सभ्यपणे वागता येत नाही, आपण सभागृह जिंकलं की मग सभ्यता सुरू होऊ शकते. आधी सत्ता, मग सभ्यता! निम्म्या देशाला हे ऐकवायचं आणि वर तो देश संतापला म्हणून नवल करायचं.

माळरान

कडुलिंब, पदाचं वजन मला मान्य आहे. राष्ट्राध्यक्षाच्या तोंडचं वाक्य जास्त विषारी, यात वाद नाही. पण ट्रम्प वाईट म्हणून जोन्स यांना माघार घ्यायला सांगणं अनावश्यक, हे कसं ठरलं ते तुम्ही सांगितलं नाहीत.

तिकोना, सँडर्स यांचं नाव घेतलंत तर पुढचंही सांगा. त्याच दिवशी ते सिनेटमध्ये उभे राहिले, हा माणूस माझ्या प्रचारात होता असं स्वतः सांगितलं आणि या कृत्याची किळस येते म्हणाले. मी म्हणतो तो घरचा आहेर हाच.

आणि यात पैसा कसा शिरतो तेही पाहा. सप्टेंबर २००९ मध्ये ओबामांचं भाषण चालू असताना साउथ कॅरोलायनाचे रिपब्लिकन खासदार जो विल्सन ‘खोटं बोलता’ म्हणून ओरडले. त्याच रात्री त्यांनी फोन करून माफी मागितली. सभागृहाने २४० विरुद्ध १७९ मतांनी नापसंती नोंदवली. आणि देणग्या? काही दिवसांत विल्सन यांच्याकडे दहा लाख डॉलरहून जास्त जमले, त्यांच्या प्रतिस्पर्ध्याकडेही तितकेच. एका आरोळीने दोन्ही तिजोऱ्या भरल्या. असं असताना गप्प बसायला कोण सांगणार?

सई

मला मूळ आग्रहच पटत नाही. सभ्यता कोण मागतं ते इतिहासात पाहा. मे १८५६ मध्ये चार्ल्स समनर यांनी सिनेटमध्ये गुलामगिरीविरुद्ध घणाघाती भाषण केलं. त्यात गुलामगिरीचे समर्थक सिनेटर बटलर यांच्यावर जिव्हारी लागणारी टीका होती. दोनच दिवसांनी बटलर यांचे नातलग, खासदार प्रेस्टन ब्रूक्स यांनी समनर यांना त्यांच्या बाकावरच काठीने रक्तबंबाळ केलं. दक्षिणेतल्या कित्येकांचं म्हणणं काय, तर समनर यांची भाषा असभ्य होती! ब्रूक्स यांना नव्या काठ्या भेट आल्या, राजीनामा दिल्यावर मतदारांनी त्यांनाच परत निवडून दिलं. समनर यांना नेमाने कामावर परतायला तीन वर्षं लागली.

१९६३ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी पत्रक काढलं: वर्णभेदाविरुद्धची निदर्शनं नकोत, वाटाघाटी करा, धीर धरा. भाषा अतिशय शालीन. मार्टिन लूथर किंग यांनी तुरुंगातून त्यांना उत्तर दिलं, कारण त्या शालीनतेत अन्याय सुखरूप राहत होता. ज्याच्या दारात इमिग्रेशनचे अधिकारी उभे आहेत त्याने आवाज चढवला तर मी त्याला स्वर उतरवायला सांगणार नाही. आपल्यातल्या एच-वन-बीवाल्यांनी तरी सांगू नये.

हिवाळा

मिनेसोटात बरीच वर्षं काढली, लेकव्हिलचा प्रसंग इथे सगळ्यांना पाठ आहे. पण दोन गोष्टी राहिल्या. ‘अरब आहेत’ याला ‘नाही, सभ्य गृहस्थ आहेत’ हे उत्तर झालं, म्हणजे अरब माणूस सभ्य नसतो की काय? आणि ओबामा अतिरेक्यांसोबत ऊठबस करतात असं गावोगाव सांगणाऱ्या सारा पेलिन यांना उपाध्यक्षपदाची उमेदवारी मॅकेन यांनीच दिली होती.

माळरान

दोन्ही मुद्दे रास्त आहेत. तरीही माइक त्यांनी परत घेतला, हे त्या सभेत दुसऱ्या कुणी केलं नसतं.

सई, चढा आवाज आणि माणूस मेल्याचा आनंद यांत मी फरक करतो. किंग यांनी कुणाच्या मृत्यूची थट्टा केली नाही. पण शिस्तीचा बडगा कुणावर पडतो, हे तुमचं म्हणणं खरं आहे. २०२३ मध्ये बायडन यांच्या भाषणात रिपब्लिकन खासदार मार्जोरी टेलर ग्रीन ‘खोटारडे’ म्हणून ओरडल्या, त्यांना काही झालं नाही. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या भाषणात टेक्सासचे डेमोक्रॅट खासदार अल ग्रीन हातातली काठी उंचावून मेडिकेडबद्दल, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याबद्दल, बोलले, तर त्यांना बाहेर काढलं आणि दोन दिवसांत २२४ विरुद्ध १९८ मतांनी निंदाठराव मंजूर झाला. त्यात दहा डेमोक्रॅट ठरावाच्या बाजूने होते.

सई

मग ते दहा जण तुमच्या कसोटीला उतरले म्हणायचे का? मला तर त्यांची लाज वाटली. गरिबांच्या औषधपाण्यासाठी म्हातारा उभा राहिला आणि त्याच्याच पक्षाने त्याला एकटं पाडलं. घरचा आहेर देताना समोरचा कशासाठी ओरडतोय हे पाहायचंच नाही का?

तिकोना

उतरले, निदान नियम सगळ्यांना सारखा म्हणाले. आमच्या बाजूने रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ उतरले. कर्क यांच्या हत्येवरून टीव्हीवरचे विनोदवीर जिमी किमेल यांचं बोलणं त्यांना मुळीच आवडलं नव्हतं, तरी सरकारी प्रसारण आयोगाच्या अध्यक्षाने वाहिनीला धमकावणं धोक्याचं आहे, उद्या हेच हत्यार आपल्यावर उलटेल, असं ते जाहीरपणे म्हणाले.

कडुलिंब

मी व्हर्जिनियात राहतो. नोव्हेंबरमध्ये मी जोन्स यांनाच मत दिलं आणि ते जिंकले याचं मला समाधान आहे. राज्याचा अॅटर्नी जनरल केंद्राला कोर्टात खेचू शकतो. माझ्या ओळखीतल्या अनेकांचा व्हिसा, अनेकांची नोकरी त्यावर अवलंबून आहे. मेसेज वाचून मळमळलं, तरी मत दिलं. माळरान, तुमच्या कसोटीची किंमत उमेदवार मोजत नाही, आमच्यासारखे मोजतात.

तिकोना

कडुलिंब, तुम्ही सरळ सांगितलंत याचा मी मान राखतो. पण २०२४ मध्ये ट्रम्प यांना मत देताना माझ्या शेजाऱ्यांनी शब्दशः हेच सांगितलं होतं: बोलणं ऐकवत नाही, पण सीमा आणि महागाई महत्त्वाची. तेव्हा याच ठिकाणी तुम्ही त्यांना द्वेषाचे भागीदार म्हणाला होतात. तो शब्द आता मागे घेणार, की स्वतःलाही लावणार?