'शेड' हा एकच शब्द रंगालाही आणि सावलीलाही कसा?

मॅचिंगवाली

बडोद्यात दांडिया बाजाराजवळ माझं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, रुबिया, रिळं. सकाळी शटर वर गेल्यापासून कानावर एकच शब्द पडत असतो: शेड. "ताई, याहून एक शेड डार्क दाखवा." "बेन, आ शेड नहीं चाले." गिऱ्हाईक मराठी असो, गुजराती असो की सिंधी, शब्द हाच. रंगाचं नाव पुष्कळांना सांगता येत नाही, पण शेड चुकली की लगेच कळते.

माझी भाची इंग्रजी माध्यमात आहे. तिच्या धड्यात झाडाखाली बसलेल्या वाटसरूसाठी हाच शब्द आला, म्हणजे सावली. तिनं विचारलं, "मावशी, मग तुझ्या कपाटातली शेड कुठली?" भाचा गॉगलला 'शेड्स' म्हणतो. आमच्या गल्लीत स्कूटर ठेवायला पत्र्याची शेड आहे. मालिकांच्या गप्पांत हल्ली 'ग्रे शेडचा रोल' ऐकू येतो. ही सगळी एकाच घरची माणसं की नुसती नावं सारखी? आणि इंग्रजीत 'शॅडो' असताना वेगळा 'शेड' कशाला? जाणकारांनी नीट सांगावं. भाचीला अर्धवट उत्तर द्यायचं नाही.

निवृत्त शिक्षक, रावपुरा

ताई, प्रश्न फार चांगला आहे. आधी शेवटच्या भागाचं सांगतो, कारण ते मराठी माणसाला इंग्रजाहून लवकर कळतं.

शेड आणि शॅडो हे मुळात दोन शब्द नव्हतेच. जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी, एकच नाम होतं. उच्चार साधारण 'शादू'. त्या काळी इंग्रजीत आपल्यासारख्या विभक्ती होत्या. प्रथमेत 'शादू', पण इतर विभक्तींत त्याचं रूप व्हायचं 'शाद्वे'. आपल्याकडे 'विंचू' म्हणतो पण 'विंचूला' म्हणत नाही, 'विंचवाला' म्हणतो. उकाराचा 'व' होतो. अगदी तेच तिथं घडायचं. पुढं इंग्रजीच्या विभक्ती झडून गेल्या आणि दोन्ही रूपं सुटी राहिली. प्रथमेच्या रूपाचा शेड झाला, सामान्यरूपाचा शॅडो. कुरणासाठीचा 'मेडो' हा शब्दही असाच सामान्यरूपातून आलाय. त्याचा प्रथमेतला भाऊ 'मीड' आता फक्त जुन्या कवितांत भेटतो.

दोन रूपं हाताशी आली की भाषा त्यांना कामं वाटून देते. शेड म्हणजे ऊन न पोचणारी जागा. तिच्यात बसता येतं, गाडी लावता येते. शॅडो म्हणजे एखाद्या वस्तूची पडलेली आकृती. तिला डोकं, हात, फांद्या असतात. आपण मराठीत दोन्हींना सावलीच म्हणतो: वडाची सावली आणि भिंतीवर पडलेली माझी सावली. पण तुमच्या गुजराती गिऱ्हाइकांना विचारा. ते बसायच्या सावलीला 'छांयो' म्हणतील आणि आकृतीला 'पडछायो'. इंग्रजीतली वाटणी बरीचशी तशीच आहे. बडोद्यात राहणाऱ्या मुलीला हे एका वाक्यात समजेल.

आता नातेवाईक. जर्मन भाषेतला 'शाटन' हा सख्खा. ग्रीकमध्ये अंधाराला 'स्कोटॉस' म्हणतात, तो जरा लांबचा. 'छाया' आणि 'शेड' कानाला जवळचे वाटतात, पण आपल्या 'छाया'चं सरळ नातं ग्रीक 'स्किया'शी आहे, आणि त्याचाही अर्थ सावलीच. या स्कियाला 'ऊरा' म्हणजे शेपूट जोडून ग्रीकांनी खारीला नाव दिलं, स्किऊरॉस, आपल्याच शेपटीच्या सावलीत बसणारी. तेच लॅटिन आणि फ्रेंचमधून फिरत इंग्रजीत 'स्क्विरल' झालं. कमाटी बागेत खार शेपूट पाठीवर घेऊन शेंगदाणा खाताना दिसली की भाचीला हे जरूर सांगा. तो शब्द ती जन्मात विसरणार नाही.

शेडचा आणखी एक अर्थ आहे, भूत किंवा मृतात्मा. ग्रीक आणि रोमन लोकांच्या कल्पनेत मेलेली माणसं पाताळात सावल्यांसारखी वावरत. लॅटिन 'उंब्रा' म्हणजे सावली आणि मृतात्मासुद्धा. सतराव्या शतकापासून शेड हा शब्द इंग्रजीत त्या अर्थानं दिसतो. याच उंब्रावरून इटालियनमार्गे 'अंब्रेला' आला. म्हणजे नावानं ती मुळात उन्हाचीच छत्री.

गॉगल म्हणजे डोळ्यांवर धरलेली सावली, तो अर्थ सरळ आहे. रंगाचं मात्र चित्रकारानं सांगावं.

मॅचिंगवाली

सर, विंचवाचं उदाहरण भाचीला वाचून दाखवलं. तिनं लगेच 'भाऊ, भावाला' असं म्हणून दाखवलं. फार आभारी आहे. पण रंगाचं कोडं अजून तसंच आहे. सावली काळी असते ना? मग फिक्या गुलाबीलाही आम्ही 'लाइट शेड' कसं म्हणतो?

तैलरंग

मी इथल्याच फाइन आर्ट्सची. ताई, तुमच्या शंकेतच उत्तर आहे. आमच्याकडे शिकवताना शेड म्हणजे फक्त काळा मिसळून गडद केलेला रंग. पांढरा मिसळला तर तो टिंट, करडा मिसळला तर टोन. त्या हिशेबानं तुमची फिकी गुलाबी शेड नाहीच, टिंट आहे. पण बाजारात शेड या शब्दानं सगळ्यांनाच पोटात घेतलं, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. रंगाच्या दुकानातल्या शेड कार्डावरही पांढऱ्याचे प्रकार असतातच.

सावलीतून रंग कसा निघाला हे बघायचं तर एक काम करा. लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या महाराजा फतेसिंह म्युझियममध्ये राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. सयाजीरावांनी त्याच्याकडून पुष्कळ काम करून घेतलं होतं. तिथं एखाद्या चित्रातल्या साडीसमोर उभ्या राहा. चेहऱ्याकडे बघू नका, निऱ्यांकडे बघा. साडी एकाच रंगाची आहे, पण रंगवताना त्यानं एकच रंग लावलेला नाही. निरीच्या कडेवर उजेड पडतो तिथं तो फिका, घडीच्या आत उतरतो तसा दाट, आणि अगदी खोबणीत जवळजवळ तपकिरी. या पायऱ्या पाडण्यालाच आम्ही शेडिंग म्हणतो. कापडावर सावली किती पडली त्याप्रमाणे रंगाची एकेक पायरी. म्हणजे पायऱ्या आधी सावलीच्या होत्या, मग त्या रंगाच्या पायऱ्या झाल्या. इंग्रजीत सतराव्या शतकाच्या अखेरीस हा अर्थ रुळलेला दिसतो. पुढं तो आणखी सैल झाला: मताची शेड, अर्थाची शेड, आणि आता आपल्या मालिकांतला ग्रे शेडचा रोल. फ्रेंच 'न्युआन्स'ची वाटही अशीच, फक्त तिथं मुळाशी सावलीऐवजी ढग आहे.

तुम्ही रोज निऱ्या हाताळता, त्यामुळे त्या चित्रासमोर तुम्हाला माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त दिसेल, हे मी मनापासून म्हणतेय.

प्रतापनगरचा लोकोवाला

पत्र्याच्या शेडबद्दल मी लिहितो. माझी सगळी नोकरी लोको शेडमध्ये गेली. ती शेड वेगळ्या स्पेलिंगची, 'ए' नसलेली. मराठीत लिहिताना दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून घोटाळा होतो. पण कोशकारांचा अंदाज असा की तीही शेडचीच बोलीतली बहीण असावी. पंधराव्या शतकात 'शॅड' असं रूप सापडतं, आडोशाचं छप्पर या अर्थी. मला हे पटतं. मे महिन्यात इंजिनाच्या पत्र्याला हात लावून बघितलेल्या माणसाला छप्पर आणि सावली यांत भेद करावासा वाटत नाही. फक्त केस गळणं, पानं गळणं या अर्थाचं 'शेड' हे क्रियापद यात धरू नका. ते वेगळं करणे, विभागणे या अर्थाच्या दुसऱ्याच धातूचं आहे.

एक जोड देतो. आपल्या गावाच्या नावात वड आहे, आणि त्या वडाचं इंग्रजी नाव 'बनियन' गुजरातीतल्या 'वाणिया'वरून, पोर्तुगीजांच्या तोंडून गेलेलं. इराणच्या आखातात बंदर अब्बासजवळ अशा एका झाडाखाली आपल्याकडचे वाणी जमत. परदेशी लोकांनी त्या झाडाला त्यांचं नाव दिलं, आणि पुढं ते सगळ्याच वडांना चिकटलं. सावलीत बसणाऱ्यांचं नाव सावली देणाऱ्याला मिळालं.

मॅचिंगवाली

सर, ताई, काका, सगळ्यांचे आभार. आता माझ्या कामातलं थोडं मी सांगते, कारण तैलरंगताईंचं वाचून ते नीट उलगडलं.

ट्यूबलाइटखाली जुळलेली शेड मी कधीच फाडून देत नाही. कापड आणि साडी घेऊन गिऱ्हाइकाला ओट्यावर आणते. उन्हात नाही, समोरच्या भिंतीच्या सावलीत. तिथं उजेड सारखा असतो, डोळे दिपत नाहीत. आत जुळलेली मोरपंखी बाहेर हिरवट निघते, असं खूपदा होतं, कारण साडीचा रंग आणि रुबियाचा रंग वेगवेगळ्या मसाल्यांनी आलेला असतो आणि प्रत्येक उजेडात दोन्ही सारखे वागत नाहीत.

सगळ्यात कठीण धूपछाव साडी. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, त्यामुळे हलवली की रंग फिरतो. जांभळी म्हणून आणलेली पैठणी वळवली की लाल दिसते. ब्लाउज कशाला जुळवायचा? मी पदराच्या टोकाच्या दशा बघते. तिथं आडवा धागा नसतो, नुसता उभा सुटलेला असतो, म्हणून एक रंग निर्भेळ दिसतो. मग घडीवर चिमटीनं कापड ताणून दुसरा ओळखायचा. दोन्ही रिळं साडीवर ठेवून गिऱ्हाइकाला विचारते, उजेडातला हवा की घडीतला? बहुतेक बायका घडीतला घेतात. अंगावर साडी निऱ्यांतच असते, तेव्हा त्यांचं बरोबरच आहे.

भाचीला पॅलेसला घेऊन जाणार आहे. तैलरंगताई, निऱ्या नीट दिसतील असं चित्र नेमकं कुठल्या दालनात आहे ते लिहाल का?