होस्टेड सेवा विकण्यास मनाई करणारा परवाना कितपत योग्य?

मूळ मांडणी:
डेटाबेस एका कंपनीने वर्षानुवर्षे खपून लिहायचा आणि तो भाड्याने चालवून कमाई मात्र मोठ्या क्लाउड कंपन्यांनी करायची, हा व्यवहार मला न्याय्य वाटत नाही. जीपीएल या मुक्त परवान्याची सोर्स कोड खुला करण्याची अट सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या हाती दिल्यावरच लागू होते. सर्व्हरवर चालवून नुसती सेवा विकणाऱ्याला ती शिवतही नाही. २००७ च्या एजीपीएल या त्याच्याच कडक रूपाने ही पळवाट बंद केली खरी, परंतु कोडला हातही न लावता तो जसाच्या तसा चालवणाऱ्याकडून एजीपीएलला काहीच मागता येत नाही. त्यामुळे मॉंगोडीबी या डेटाबेस कंपनीने २०१८ मध्ये आणलेला एसएसपीएल हा परवाना मला समर्थनीय वाटतो.

प्रतिसाद:
त्या परवान्याचे कलम १३ आपण कृपया वाचावे. सेवा विकायची असल्यास डेटाबेसचाच नव्हे, तर त्याभोवतीच्या व्यवस्थापनाच्या, देखरेखीच्या, बॅकअपच्या आणि होस्टिंगच्या सॉफ्टवेअरचाही सोर्स कोड त्याच परवान्याखाली खुला करावा लागतो. व्यवहारात हे जवळपास कोणालाच झेपणारे नाही; म्हणजे नाव अटीचे आणि काम बंदीचे. शिवाय ज्यांना रोखण्यासाठी हा खटाटोप केला, त्या क्लाउड कंपन्यांचे काय अडले? ॲमेझॉनने जानेवारी २०१९ मध्ये मॉंगोडीबीच्या धर्तीचा स्वतःचा डॉक्युमेंटडीबी आणला आणि २०२१ मध्ये, याच परवान्याकडे वळलेल्या इलॅस्टिकसर्च या शोध-सॉफ्टवेअरचा फोर्क (जुन्या खुल्या कोडवरून वेगळी आवृत्ती) काढला. अडकतो तो आमच्यासारखा चार माणसांचा चमू. ग्राहकांचे डेटाबेस आम्ही सांभाळतो. आणि अशाच इतर काही परवान्यांतल्या ‘स्पर्धक सेवा’ या मोघम शब्दांत आम्ही मोडतो की नाही, हे आमचा वकीलही छातीठोकपणे सांगत नाही.

मूळ लेखकाचे उत्तर:
फोर्क सांभाळण्यासाठी त्यांना स्वतःचे अभियंते बसवावे लागले, हेही थोडे नाही. आपली अडचण मात्र खरी आहे. बीएसएल (बिझनेस सोर्स लायसन्स) या अशाच दुसऱ्या परवान्यामध्ये कोणता वापर चालेल हे वेगळे लिहून देण्याची सोय आहे, आणि प्रत्येक आवृत्ती जास्तीत जास्त ४ वर्षांनी मुक्त परवान्याखाली येते. तेथे मोघम शब्द ठेवणाऱ्या कंपनीची बाजू मी घेणार नाही.

आणखी एक प्रतिसाद:
दोघांच्याही बोलण्यात बाहेरून पॅच, म्हणजे कोडमधल्या सुधारणा, पाठवणारे आलेच नाहीत. बीएसडी हा सैल, मुक्त परवाना पाहून लोकांनी रेडिस या डेटाबेससाठी श्रम दिले, आणि मार्च २०२४ मध्ये कंपनीने पुढच्या आवृत्त्यांचा परवाना बदलला. कायद्याने त्यात गैर काही नव्हते. तरीही त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली वाल्की हा रेडिसचा फोर्क उभा राहिला. रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएलचा पर्याय दिला, पण तोवर त्याचे काही जुने विकासक वाल्कीत रुळले होते.