मदत हवी आहे : मुलग्यांच्या स्क्रॅपबुकची सजावट. मोटारी आणि मिशा सोडून काय लावता येईल?

दांडियाबाजारची_आत्या

नमस्कार मंडळी,

थोरल्या भाच्याची मुंज वैशाखात आहे. हॉल, आचारी, गुरुजी हे सगळं भाऊ-वहिनी बघताहेत. माझ्या वाट्याला आलंय दोन्ही भाच्यांचं स्क्रॅपबुक. थोरल्याला आठवं चालू आहे, धाकटा पाच वर्षांचा. मुंजीच्या दिवशी ते दाराशी टेबलावर ठेवायचं आणि आल्यागेल्याने चाळायचं, असा वहिनीचा बेत आहे. अल्बम बारा इंची चौकोनी घेतलाय, फोटो लॅबमधून छापून आणलेत, कुठल्या पानावर काय तेही ठरलंय. घोडं अडलंय ते सजावटीपाशी.

वडोदऱ्यातला रावपुरा झाला, मंगळ बाजार झाला. मुलीसाठी करायचं असतं तर पिशव्या भरून माल मिळाला असता. लेस, मोती, कागदी गुलाब, फुलपाखरं, काय म्हणाल ते. मुलगा म्हटलं की दुकानदार निळ्या कागदावरच्या मोटारी आणि फुटबॉल पुढे सरकवतो आणि मागे वळून दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागतो. ऑनलाइन ‘मुलांसाठी’ म्हणून एक किट मागवलं, त्यात निघाल्या मिशा, बो-टाय आणि जहाजाचे नांगर. आमच्या घराण्यात दर्यावर्दी कोणी झाला नाही, आणि पाच वर्षांच्या पोराच्या फोटोला मिशी कशासाठी लावायची तेही मला उमगलं नाही.

आता ही पोरं कशी आहेत ते सांगते, म्हणजे सुचवायला सोपं जाईल. थोरला पतंगवेडा. डिसेंबर उजाडला की गेंडीगेटच्या पतंगबाजारात चकरा सुरू, आणि उत्तरायणाला (संक्रांतीला) सकाळपासून अगाशीवर, म्हणजे गच्चीवर. जेवायला खाली आणायचं तर उंधियु-जिलबीची लालूच दाखवावी लागते. धाकट्याला ना पतंगात रस ना मोटारींत. तो जमिनीकडे बघत चालतो. मुंग्या, गोगलगाई, पैसा नावाचा तो किडा (हात लावला की वेटोळं करतो तो). आवडता रंग गुलाबी, आणि ते तो कोणालाही ठणकावून सांगतो.

तर अडलेली पानं अशी : थोरल्याचं बोरन्हाण, उत्तरायण, दोघांची कमाटी बाग (झुकझुकगाडी आणि म्युझियम), पोळातलं (आमच्या गल्लीतलं) क्रिकेट, आणि धाकट्याचे किडे. शेवटची दोन पानं मुंजीच्या फोटोंसाठी कोरी आहेत, पण त्या दिवशी ती अगदीच ओकीबोकी दिसायला नकोत.

घरात शिवणयंत्र आहे, स्कॅनर आहे, जुन्या जीन्सचा ढीग आहे. महागडी कटिंग मशीन वगैरे नाहीत आणि घ्यायचीही नाहीत. बोरन्हाणाचे हलव्याचे दागिने वहिनीने डब्यात जपून ठेवलेत, ते चिकटवले तर?

---

टीप_घातली

दागिन्यांचं आधी सांगते, चिकटवू नका! शेवटी साखरच ती. वडोदऱ्याच्या पावसाळ्यात ओल धरेल, शेजारचा फोटो चिकट होईल, आणि मुंग्या येतील त्या वेगळ्याच (धाकटे साहेब खूश होतील म्हणा). स्कॅनर आहे ना? काचेवर पारदर्शक प्लास्टिक पसरा, त्यावर हार, मुकुट, बाजूबंद मांडा, झाकण उघडंच ठेवून वरून काळं कापड टाका आणि स्कॅन करा. हलव्याचा काटा न् काटा येतो. मग ते मापात छापून कापा आणि काळ्या कार्डपेपरवर फोमच्या दुहेरी टेपने किंचित उचलून लावा. पानाच्या कडेला पांढऱ्या थ्रीडी आउटलायनरचे ठिपके द्या, कपड्यांवर रंगकाम करतात ती ट्यूब. ठिपका वाळला की फुगीर राहतो, हुबेहूब हलवा. फक्त रात्रभर पान आडवंच ठेवा.

उत्तरायणाला बाजारातलं काहीही आणायची गरज नाही. फाटके पतंग आहेतच घरात. तो कागद पातळ असतो, लाल-पिवळा एकावर एक आला की मधे नारिंगी दिसतो, त्याचा फायदा घ्या. मात्र फेव्हिकॉल लावलात की ओलीने पतंगाचा रंग सुटतो आणि फोटोवर उतरतो. कोरडी ग्लूस्टिकच वापरा.

दोऱ्यासाठी मांजा नको, काचेची पूड फोटोला ओरखडे काढते. साधा रंगीत दोरा सुईत ओवा, फोटोतल्या थोरल्याच्या हातापाशी पानाला भोक पाडून वर काढा आणि पार समोरच्या पानावरच्या पतंगापर्यंत न्या. मधे थोडा ढिला सोडा, नाहीतर अल्बम मिटताना ताण बसून पान फाटेल. किन्नाही (पतंगाला दोरा जोडायची बांधणी) खरीखुरी बांधा, पतंगवाली पोरं आधी तीच बघतात.

---

रावपुरा_जुना

आमच्या वेळी काळ्या कागदाचे अल्बम असत. चार कोपऱ्यांत फोटो-कॉर्नर, खाली पांढऱ्या पेन्सिलीने नाव, गाव, साल. सजावट शून्य. आणि आज ऐंशी वर्षांपूर्वीच्या फोटोतला माणूस कोण ते कळतं ते त्या पांढऱ्या पेन्सिलीमुळे. तुमच्या या स्क्रॅपबुकांत चकमक पुष्कळ असते, फोटोतली आजी कोणाची ते कुठेच नसतं.

आता विचारलंच आहे तर एक सुचवतो. कमाटी बाग १८७९ ची आहे. बडोद्याच्या मराठी घरात त्या बागेत काढलेला आजोबा-पणजोबांचा फोटो नाही असं सहसा होत नाही. ट्रंकेत शोधा. सापडला तर त्याची प्रत काढून (मूळ फोटो चिकटवू नये) नातवंडांच्या फोटोशेजारी लावा. त्या पानाला दुसरं काही लावायची गरज पडणार नाही.

---

दांडियाबाजारची_आत्या

@टीप_घातली, आउटलायनर आजच आणते. स्कॅनरची युक्ती तर माझ्या सात जन्मांत सुचली नसती.

@रावपुरा_जुना, काका, नावं-सालं प्रत्येक पानावर येणार, तो माझाही कटाक्ष आहे. आणि फोटो मिळाला! आमचे आजोबा, अर्धी चड्डी आणि काळी टोपी, मागे बँडस्टँड. लगेच स्कॅन केला.

---

पुठ्ठा_आणि_कात्री

दोन मुलग्यांची आई, त्यामुळे हा विषय माझ्या घरचा.

माझा साधा नियम सांगते : दुकानात ‘मुलग्यांचं’ काय मिळतं ते बघायचंच नाही. त्या पोराच्या खिशातून, दप्तरातून आणि वहीच्या शेवटच्या पानावरून काय निघतं ते बघायचं. शेवटच्या पानावर तर खजिना असतो. पतंग, रोबो, सरांचं चित्र. ते स्कॅन करा, दोन इंचांपर्यंत लहान करून मॅट स्टिकर पेपरवर छापा, भोवती बारीक पांढरी कड सोडून कापा. असे स्टिकर जगात दुसऱ्या कोणाकडे नसतात. म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा बघून आल्यावर माझ्या मुलाने जो मासा काढला होता त्याला चौदा फासळ्या आणि एक बूट होता. का ते अजून कळलेलं नाही.

धाकट्याच्या किड्यांच्या पानासाठी त्याचंच बोट वापरा. शाईच्या पॅडवर करंगळी टेकवून एका ओळीत तीन ठसे, मग काळ्या बारीक पेनने सहा पाय आणि दोन मिशा. (मिशा लावायच्याच तर इथे लावा!) मुंगी तयार. अशी रांग पानाच्या एका कोपऱ्यातून निघून फोटोच्या मागून जाऊन दुसऱ्या बाजूला निघू दे. गुलाबी पॅड मिळतो, मुंग्या गुलाबी करा. पाच वर्षांच्या बोटाचं माप कायमचं राहतं हा वरचा नफा. आधी रद्दीवर सराव करून घ्या, पहिले ठसे फार ओले येतात.

क्रिकेटच्या पानाला खोक्याचा पुठ्ठा. वरच्या कागदावर ओलं फडकं फिरवा, मिनिटभराने तो कागद सोलून काढा, आत नालीदार पन्हाळी दिसतात. पूर्ण वाळवून त्याच्या तीन पट्ट्या कापल्या की स्टंप. पोळात खेळताना स्टंपच्या जागी असतं काय? स्कूटरचं चाक किंवा कोळशाने भिंतीवर ओढलेल्या रेघा. तेच करा की मग. बुटाच्या तळव्यावर पातळ कागद ठेवून वरून मेणखडू आडवा घासा, नक्षी उमटते, ती पार्श्वभूमीला वापरा.

जीन्सचा खिसा जरूर लावा, पण अख्ख्या अल्बममध्ये एकच. जाड असतो, दोन लावले की अल्बम मिटत नाही. मी तो मुंजीच्या कोऱ्या पानावर लावीन : आत पत्रिका खोचायची आणि त्याच्या आकाराची दोन-तीन कोरी कार्डं. पाहुण्यांनी त्यावर चार शब्द लिहून परत खिशात टाकावेत. म्हणजे पान त्या दिवशी रिकामं नाही आणि नंतर फोटोला जागाही आहे.

---

टीप_घातली

खिशाची कल्पना झकास. त्यात भर : झुकझुकगाडीचे रूळ शिवणयंत्रावर काढा. दोरा न ओवता, टाका मोठा ठेवून कार्डपेपर मशिनीखालून फिरवला की टिंबांची रेघ पडते. समांतर दोन रेघा, मधे गूल काढून टाकलेल्या काड्यापेटीच्या काड्या, झाले स्लीपर. जुनी सुई लावा, कागदाने सुई बोथट होते.

गाडीचं तिकीट जपून ठेवलं असेल तर झेरॉक्स लावा. मशिनीतून येणाऱ्या गुळगुळीत कागदावरचं छापील काही वर्षांत उडून कोरं होतं. वर्तमानपत्राच्या कात्रणाचंही तसंच, तो कागद पिवळा पडून फोटोलाही डाग देतो.

---

ओल_आणि_कसर

सजावटीतलं मला कळत नाही, टिकण्यातलं कळतं. स्टेपलर, टाचण्या, लोखंडी क्लिपा टाळा, दोन पावसाळ्यांत गंजाची कड उमटते. घरची खळ अजिबात नको, कसर (कागद खाणारा किडा) तीच खायला येते. कागद ‘ॲसिड-फ्री’ लिहिलेला घ्या. पानांवर घालायच्या पिशव्या पीव्हीसीच्या नकोत, पॉलिप्रॉपिलीनच्या बघून घ्या. पीव्हीसी कालांतराने फोटोला चिकटतं. आणि मुंजीत लोक जिलबीच्या हातानेच पानं उलटणार, तेव्हा पिशव्या लागतीलच.

---

दांडियाबाजारची_आत्या

सगळ्यांचे आभार. काल धाकट्याला शाईच्या पॅडपाशी बसवलं. मुंग्या झाल्या, गुलाबीच, आणि रांग फोटोच्या मागे जायला त्याने साफ नकार दिला. मुंग्या फोटोतल्या त्याच्या डोक्यावर चढल्या पाहिजेत, असा हुकूम आहे. लॅबच्या चकचकीत फोटोवर पॅडची शाई वाळेना, बोट लावलं की पुसली जातेय. स्टिकर पेपरवर ठसे घेऊन ते कापून फोटोवर लावू, की फोटोवर चालणारी वेगळी शाई मिळते?

---

पुठ्ठा_आणि_कात्री

मिळते. काच-प्लास्टिकवर चालणारी, ‘पर्मनंट’ किंवा ‘सॉल्व्हंट’ लिहिलेली. पण ती पोराच्या बोटाला लावू नका, निघता निघत नाही आणि वासही उग्र असतो. स्टिकरच बरे. फोटोची जास्तीची प्रत काढून त्यावर लावा, म्हणजे मूळ फोटो वहिनींच्या ताब्यात सुखरूप.